ढोलकी कधी खाली ठेवावी?

गेल्या चैत्रातली गोष्ट. आमच्या पहूरजवळच्या एका गावची यात्रा आटोपली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोन भाऊ आपल्या वडिलांना घेऊन दवाखान्यात आले. वडील तमाशाच्या फडात ढोलकी वाजवणारे. वय ६७. चाळीसहून अधिक वर्षे हाच धंदा. थोरला मुलगा शेती पाहतो, धाकटा जळगावला कारखान्यात आहे. थोरला म्हणाला, "डाक्टरसाहेब, तुम्हीच सांगा आता यांना. आमचं ऐकत नाहीत. रात्री वाजवता वाजवता चक्कर येऊन खाली बसले. लोकांनी उचलून आणलं."

रक्तदाब मोजला तो १७८/१०४ भरला. बाबा काही बोलत नव्हते. माझ्या टेबलाच्या कडेवर त्यांची बोटे आपोआप चालली होती. मी विचारले, "बाबा, तुमचं काय म्हणणं?" ते म्हणाले, "बंद करायला हरकत नाही, साहेब. पण सकाळी उठून मी करू काय?"

मुलांना माझ्याकडून 'बंद करा' एवढेच ऐकायचे होते. ते मी त्या दिवशी सांगितले नाही. रात्रभर जागलेला, ट्रकमध्ये बसून आलेला, तोंडात तंबाखूचा विडा असलेला माणूस खुर्चीवर बसवून लगेच रक्तदाब मोजला, तर तो जास्तच येणार. एका आकड्यावरून कुणाचा चाळीस वर्षांचा धंदा सोडायला सांगू नये. गोळी सुरू केली, हृदयाचा आलेख काढला, रक्तातील साखर तपासली आणि तीन दिवस झोप घेऊन परत या म्हणून सांगितले. त्यांचा प्रश्न मात्र माझ्या डोक्यात राहिला. आपल्या खानदेशात फडातले कलावंत आहेत, लग्नसराईत बँडमध्ये क्लॅरिनेट फुंकणारे आहेत, वही गाणारे आहेत, कीर्तनकार आणि भजनी मंडळातले आहेत. साठी उलटलेल्या या मंडळींच्या घरोघरी हाच वाद चालू असतो. म्हणून आजचा लेख त्यावर.

पहिली गोष्ट, नुसत्या वयावरून काही ठरत नाही. पंडित भीमसेन जोशी डिसेंबर २००७ मध्ये, वयाच्या ८५ व्या वर्षी पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात गायला बसले होते. आशा भोसले ८ सप्टेंबर २०२३ ला, आपल्या नव्वदाव्या वाढदिवशी, दुबईत कार्यक्रमासाठी उभ्या राहिल्या. परदेशातही तेच. रॉक संगीत म्हणजे आपल्याकडच्या बऱ्याच जणांना नुसता गोंगाट वाटतो, पण त्या लोकांचे जिणे आपल्या फडासारखेच असते. आज या गावी, उद्या त्या गावी, रात्रीचा कार्यक्रम, पहाटेची झोप. त्यांच्यातला रोलिंग स्टोन्स हा फार जुना संच. एप्रिल २००३ मध्ये तो मुंबई-बंगळूरला येऊन गेला. त्यांचा गायक मिक जॅगर याच्या हृदयाची झडप २०१९ च्या एप्रिलमध्ये बदलावी लागली. तेव्हा तो ७५ वर्षांचा होता. जूनमध्ये तो पुन्हा रंगमंचावर नाचत होता, आणि २०२४ मध्ये ८० व्या वर्षी त्याने अमेरिकेचा मोठा दौरा केला.

पण हे वाचून आमच्या ढोलकीवाल्या बाबांनी छाती फुगवू नये. जॅगरच्या झडपेचा दोष वेळेवर सापडला, शस्त्रक्रिया झाली, ती बरी होईपर्यंत सगळे कार्यक्रम पुढे ढकलले गेले. आपल्याकडे कलावंताच्या छातीत कळ आली तर तो लवंग चघळतो आणि सुपारी घेतली आहे म्हणून उभा राहतो. फरक वयाचा नाही, तो या व्यवस्थेचा आहे.

आता म्हातारपणी कलावंताच्या शरीरात काय बदलते ते पाहू. आधी गळा. आवाज ज्या पट्ट्यांच्या कंपनातून निघतो त्या स्वरपट्ट्यांमध्ये स्नायू असतो. इतर स्नायूंप्रमाणे तोही वयाने बारीक होतो. त्यावरचे ओलसर अस्तर कोरडे पडते. दोन्ही पट्ट्या एकमेकींना नीट चिकटत नाहीत, मधून हवा निसटते, म्हणून आवाज फुसका आणि थरथरता होतो. पुरुषांचा आवाज उतारवयात थोडा चढा आणि पातळ होतो, बायकांचा पाळी गेल्यानंतर खाली येतो. गाणाऱ्याने आपली पट्टी खाली उतरवली तर यात बिघडण्यासारखे काही नाही. बिघडते ते जुनी पट्टी सोडायची नाही या हट्टाने. जोर लावून गाताना पट्ट्या सुजतात, मग आणखी जोर लावावा लागतो. पाणी भरपूर प्यावे. कार्यक्रमानंतर रात्री दोन वाजता भरपेट जेवून लगेच आडवे होऊ नये, कारण पोटातले आम्ल वर येऊन घसा जाळते. बसलेला घसा मौनाने सुटतो, कुजबुजण्याने नाही. कुजबुजताना बरेच लोक घशाला अधिकच ताण देतात.

आणि एक गोष्ट ठळकपणे सांगतो. आवाज तीन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस बसलेला असेल, विशेषतः तंबाखू-विडी असेल, तर घसातज्ज्ञाकडून स्वरयंत्र आतून पाहून घ्यावे. 'गाऊन गाऊन बसला' असे म्हणत गाणारे लोक वाट पाहत राहतात. स्वरयंत्राचा कर्करोग सुरुवातीला सापडला तर चांगला बरा होतो, आणि त्याची पहिली खूण बहुतेक वेळा हीच असते. गायकाच्या बाबतीत ती खूण लवकर लक्षात यायला हवी, पण धंद्याच्या सबबीमुळे तीच मागे पडते.

दुसरे कान. आतल्या कानात सुमारे पंधरा हजार सूक्ष्म केसपेशी असतात. त्या जन्मतः मिळतात तेवढ्याच. मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही. आवाजाची तीव्रता डेसिबलमध्ये मोजतात. ८५ डेसिबलच्या आवाजात दिवसाला आठ तास राहिले तर चालते असे धरतात. पुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. या हिशेबाने १०० डेसिबलच्या आवाजाजवळ दिवसाला जेमतेम पंधरा मिनिटे. आपल्याकडे वरातीत जे डीजे लावतात ते याहून वरचे असतात, आणि बँडवाले, फडवाले त्या भिंतीपुढे तासन्‌तास उभे असतात. पहिल्यांदा बारीक, उंच आवाज ऐकू येईनासे होतात. माणसाचे बोलणे ऐकू येते पण शब्द कळत नाही. कानात रात्री शिट्टी वाजते. एसी/डीसी नावाच्या रॉक संचाचा गायक ब्रायन जॉन्सन याला २०१६ मध्ये डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते की थांबा, नाहीतर पूर्ण बहिरे व्हाल. त्याला चालू दौरा सोडावा लागला.

कानात घालायचे फोमचे बोळे औषधाच्या दुकानात थोडक्या पैशांत मिळतात. वाजवणाऱ्याला त्यातूनही ताल नीट कळतो. मी हे सांगितले तेव्हा बाबा हसले आणि म्हणाले, "ढोलकी हाताला ऐकू येते, साहेब." खरे आहे. पण मग बोळे घालायला अडचण कसली?

तिसरे हृदय, आणि हाच या सगळ्यातला मोठा भाग. हृदय जास्तीत जास्त किती वेगाने धडधडू शकते याचा ढोबळ हिशेब २२० वजा वय असा करतात. पंचवीस वर्षांच्या पोराला १९५, आमच्या बाबांना १५३. म्हणजे द्रुत लयीत, उभ्याने, कमरेला ढोलकी बांधून वाजवताना त्यांचे हृदय लवकरच आपल्या मर्यादेला टेकते. त्यात ताठरलेल्या धमन्या, चढलेला रक्तदाब, तंबाखू. छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दम लागणे, अचानक घाम सुटणे, यांपैकी काही वाजवताना होत असेल आणि थांबल्यावर जात असेल तर तो गॅस नव्हे. मधुमेह असणाऱ्याला तर कधी कधी कळ येतच नाही, नुसता घाम आणि अशक्तपणा येतो.

सगळ्यात जास्त घोटाळा औषधांचा होतो. फड निघतो दसऱ्याला आणि बुद्ध पौर्णिमेच्या सुमारास घरी येतो. गोळ्या घरी राहतात, किंवा संपतात आणि नव्या गावात घेतल्या जात नाहीत. रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, एकदम बंद केल्या तर रक्तदाब आणि नाडी उलट उसळी मारतात, छातीत कळही येऊ शकते. मधुमेहाची गोळी संध्याकाळी घेतली आणि जेवण पहाटे, तर मधल्या वेळात साखर इतकी उतरते की माणूस रंगमंचावरच कोसळतो. प्रेक्षकांना वाटते, प्यायलेला आहे. अशा वेळी शुद्धीवर असलेल्या माणसाला ताबडतोब साखर किंवा गूळ द्यावा. बेशुद्धाच्या तोंडात काही घालू नये, सरळ दवाखाना गाठावा. इन्सुलिन घेणाऱ्याने आपला जळगावचा उन्हाळा लक्षात घ्यावा. पारा ४५ च्या वर जातो तेव्हा ट्रकमधल्या पेटीत ठेवलेले इन्सुलिन निकामी होते. पाणी शिरणार नाही अशा डबीत घालून ते माठात ठेवावे आणि माठ ओल्या वाळूवर, सावलीत.

एक अडचण कुणी बोलून दाखवत नाही. साठीनंतर पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी वाढते, लघवी वारंवार लागते, आणि वग रंगात आला असताना उठून जाता येत नाही. म्हणून ही मंडळी दुपारपासून पाणीच पीत नाहीत. उन्हाळ्यात, घाम गाळत, पाण्याविना. मग चक्कर येते, मूतखडा होतो, मूत्रपिंडावर ताण येतो. बाबांच्या चक्करीत याचाही भाग होता हे त्यांनी मुले बाहेर गेल्यावर मला सांगितले. प्रोस्टेटवर गोळ्या आहेत. त्यांनी बऱ्याच जणांना आराम पडतो. मात्र त्यातल्या काही गोळ्यांनी उभे राहताना रक्तदाब उतरतो, तेव्हा त्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात.

झोपेबद्दल लिहिताना मला मायकेल जॅक्सनची आठवण होते. १ नोव्हेंबर १९९६ ला मुंबईत अंधेरीला त्याचा कार्यक्रम झाला तेव्हा आपल्याकडच्या वर्तमानपत्रांनी पाने भरली होती. २००९ मध्ये, पन्नासाव्या वर्षी, लंडनमध्ये पन्नास कार्यक्रम करण्याची तयारी चालू असताना त्याला झोप येईना. घरी ठेवलेल्या डॉक्टरने त्याला प्रोपोफॉल दिले. हे औषध शस्त्रक्रियेच्या वेळी भूल देण्यासाठी असते आणि देताना श्वासावर सतत लक्ष ठेवावे लागते. २५ जूनला तो गेला. त्या डॉक्टरला २०११ मध्ये शिक्षा झाली. आपल्या फडात प्रोपोफॉल नाही, पण झोपेसाठी दारू आणि जागे राहण्यासाठी तंबाखू, ही जोडी आहेच. जाहीर झालेली तारीख चुकवता येत नाही, म्हणून शरीराला औषधाने झोपवायचे आणि औषधाने उठवायचे, हा प्रकार मला वयापेक्षा जास्त धोक्याचा वाटतो.

इथे कायद्याने नकळत एक उपकार केला आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद ठेवावा लागतो. वर्षात ठराविक १५ दिवसांपर्यंत १२ वाजेपर्यंत सवलत देता येते. फडमालक यावर नाराज असतात, आणि त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे हे मला समजते. पूर्वी वग उजाडेपर्यंत चालत. पण सत्तरीच्या कलावंताच्या हृदयाला विचाराल तर ते दहाच्या बाजूने मत देईल.

मग मुलांचे म्हणणे बरोबर होते का? अर्धे. एकदम बंद केलेल्या लोकांचे काय होते तेही मी पाहिले आहे. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक क्लॅरिनेटवाले येत. मुलांनी वाद्य माळ्यावर टाकले आणि त्यांना ओट्यावर बसवले. सहा महिन्यांत भूक गेली, झोप गेली, कपड्यांचे भान राहीना. घरच्यांना वाटले, म्हातारचळ. तो उदासपणाचा आजार होता. औषधाने सुधारले, पण वाद्य खाली काढल्यावर जास्त सुधारले. फुंकणे, वाजवणे, गाणे यात श्वास, बोटे, स्मरण, सगळे एकत्र काम करते. चार माणसांत ऊठबस होते. त्याला पर्याय म्हणून मी कुठली गोळी लिहून देऊ?

म्हणून मी 'चालू की बंद' असा प्रश्न न विचारता 'यातले काय कमी करायचे' असे विचारतो. रात्रीचा प्रवास, जागरण, उभे राहणे, कर्कश आवाज, उपाशी राहणे, हे कमी करता येते. कला त्यात येत नाही. इंग्लंडचा फिल कॉलिन्स हा नावाजलेला ड्रमवादक. पाठीच्या दुखण्याने नसा दबल्या आणि त्याच्या हातात ड्रमची काठी धरवेना. शेवटच्या दौऱ्यात तो खुर्चीवर बसून गायला आणि ड्रमवर त्याचा मुलगा बसला. मार्च २०२२ मध्ये लंडनला त्यांचा अखेरचा कार्यक्रम झाला. आपल्याकडे गायक-वादक बसूनच गातात-वाजवतात, त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. फडातल्या ढोलकीवाल्यालाच काय ते उभे राहण्याचे बंधन.

काही बाबतीत मात्र मी सरळ थांबवतो. हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल तर तज्ज्ञ पुन्हा परवानगी देईपर्यंत. श्रम करताना कळ येत असेल तर तपासणी पुरी होईपर्यंत. अर्धांगाचा झटका, मग तो दहा मिनिटांत बरा झालेला का असेना. तोंड वाकडे होणे, हातातली काठी गळून पडणे, बोलणे अडखळणे, असे दिसले तर कार्यक्रम अर्धा टाकून रुग्णालय गाठावे, पहिल्या साडेचार तासांत गुठळी विरघळवण्याचे औषध देता येते. वारंवार तोल जाणाऱ्यानेही वायरींच्या जंजाळातून आणि फळ्यांच्या पायऱ्यांवरून चढ-उतार करू नये. या वयात खुब्याचे हाड मोडले की पुष्कळ जण अंथरुणाला खिळतात.

राहिला पैशाचा प्रश्न, आणि तो टाळून हा विषय पुरा होत नाही. मिक जॅगर हौसेने फिरतो. आपला कलावंत बरेचदा नाइलाजाने फिरतो. विठाबाई नारायणगावकरांचा दोनदा, १९५७ आणि १९९० मध्ये, राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झाला. गरोदरपणाचे दिवस भरलेले असताना कार्यक्रमाच्या मध्येच बाळंत होऊन त्या पुन्हा रंगमंचावर उभ्या राहिल्या, हे महाराष्ट्राला माहीत आहे. लोक ही गोष्ट कौतुकाने सांगतात. मला डॉक्टर म्हणून ती ऐकताना भीती वाटते. १५ जानेवारी २००२ ला त्या गेल्या तेव्हा रुग्णालयाचे बिल लोकांच्या मदतीतून भागवावे लागले.

तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या कलावंतांनी राज्य शासनाच्या राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलाकार मानधन सन्मान योजनेची चौकशी पंचायत समितीत जरूर करावी. २०२४ मध्ये हे मानधन दरमहा ५,००० रुपये करण्यात आले. जुन्या सुपाऱ्यांचे कागद, हँडबिले, फोटो जपून ठेवावेत, पुरावा म्हणून तेच लागतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे कार्डही फड निघण्याआधी काढून घ्यावे. आणि दसऱ्याच्या आधी एकदा रक्तदाब, साखर, हृदयाचा आलेख, डोळे तपासावेत. मोतीबिंदू असला तर रंगमंचावरचे दिवे डोळ्यांत फुटतात आणि पायरी दिसत नाही. गोळ्यांची नावे एका कागदावर लिहून खिशात ठेवावीत, आणि फडातल्या निदान एका माणसाला ती ठाऊक असावीत.

आमचे बाबा तीन दिवसांनी आले तेव्हा रक्तदाब १६२/९६ होता. साखर ठीक होती. आलेखात थोडी शंका वाटली म्हणून जळगावला हृदयतज्ज्ञांकडे पाठवले, तपासण्या झाल्या, सुदैवाने रक्तवाहिन्यांत मोठा अडथळा निघाला नाही. मुलांना आणि फडमालकाला मी एकत्र बसवले. ट्रक बंद, दिवसा एसटीने प्रवास. गणाला आणि गौळणीला बाबा वाजवणार, तेही स्टुलावर बसून. पुढचा द्रुत भाग त्यांचा पुतण्या. सात वाजता भाकरी, कानात बोळे, तंबाखू बंद. शेवटच्या कलमावर बाबांनी मान हलवली नाही, पण विड्यांची संख्या कमी झाली आहे असे धाकटा सांगतो. पापड-लोणच्यावरून घरात अजून कुरबूर चालते.

गेल्या आठवड्यात येऊन गेले. १४२/८६. आणखी थोडा खाली यायला हवा. थोरल्याने जाताना विचारले, "साहेब, असं आणखी किती वर्षं?" मी कागदावर पुढच्या महिन्याची तारीख लिहून दिली.